उजव्या हातासाठी लायनर

जगातली कुठलीही गोष्ट थांबवण्याचं सामर्थ्य एकट्या प्रेमात आहे. प्रेमापुढे काळ थांबतो, वारा थांबतो, धावतं पाणीसुद्धा क्षणभर घुटमळतं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. या थोरामोठ्यांकडे मोटरसायकल नसावी. उतारावर सुटलेली जुनी मोटरसायकल प्रेमाने थांबल्याचं अजून कुणाच्या ऐकिवात नाही. तिला लायनर लागतो.

लायनर म्हणजे चाकाच्या ड्रममध्ये बसणाऱ्या ब्रेक-शूवर चिकटवलेली एक साधी पट्टी. ब्रेक दाबला की ही पट्टी ड्रमला आतून घासते आणि चाक नाइलाजाने थांबतं. लायनर कडक असला तर वर्षानुवर्षं टिकतो, पण त्याला दाबणारा हातही तसाच जबरदस्त लागतो. मऊ असला तर हलक्या हातालाही चटकन धरतो आणि तसाच चटकन झिजून जातो. घरोघरी अशी दोन माणसं असतात. बहुधा त्यांचं एकमेकांशी लग्न झालेलं असतं.

गावातल्या एका उताराच्या रस्त्यावर, खालच्या कालव्याच्या थोडं अलीकडे, जुन्या मोटरसायकलींचं एक गॅरेज होतं. नव्या गाड्यांना तिथे मज्जाव नव्हता, पण मालकीणबाई त्यांच्याकडे अशा नजरेने बघायच्या की त्या आपणहून पुढे जायच्या. या मालकीणबाईंना सगळे आत्या म्हणत, कारण गॅरेजात काम करणारी मुलगी त्यांची भाची होती आणि ती दिवसभर ‘आत्या, आत्या’ करत असे. भाचीला रस्त्यावर ‘लायनरवाली’ म्हणत. तिने बसवलेला ब्रेक ओरडत नसे. ती मात्र ओरडायची.

गॅरेजचा एक नियम होता. हात घेतल्याशिवाय लायनर द्यायचा नाही. कामाच्या टेबलावर एक जुनी ब्रेकची लिव्हर पक्की बसवलेली होती आणि तिला तारेने जोडलेला, वजन करायचा स्प्रिंगचा काटा. गिऱ्हाइकाने लिव्हर दाबायची, काटा किती वर जातो ते बघायचं आणि मगच कडक, मध्यम की मऊ ते ठरवायचं. मोठमोठे मिशीवाले त्या लिव्हरपाशी घाम पुसताना दिसत.

एका दुपारी पाऊस भुरभुरत होता. आत्या दाराशी स्टुलावर चहा घेत होत्या. एवढ्यात एक मोटरसायकल उतारावरून आली, वळली, दारातून आत शिरली, उभे रचलेले टायर तिने लोळवले आणि आत्यांच्या स्टुलाला हलकेच टेकून ती थांबली. आत्यांनी चहाचा थेंब सांडू दिला नाही.

“माफ करा,” वर बसलेला माणूस म्हणाला, “इथे ब्रेकचं काम होतं का?”

“होतं,” आत्या म्हणाल्या. “पण लोक सहसा बाहेरून विचारतात.”

त्याच्या चष्म्यावर पाणी होतं, केसांतून पाणी ओघळत होतं आणि चेहऱ्यावर घाबरल्याचं नावही नव्हतं. जणू तो रोज याच पद्धतीने घरात शिरत असावा. लायनरवाली टेबलामागून उठली. तिच्या गालावर काळा फराटा होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि फराट्याकडे बघतच राहिला.

“काय बघताय?”

“काही नाही… डाग पडलाय. आमच्याकडे डाग दिसला की आधी खरवडून बघतात.”

“आमच्याकडे म्हणजे कुठे?”

“दवाखान्यात. मी दंतवैद्य आहे.”

“मग लांबूनच बघा,” ती म्हणाली आणि बाहीने गाल पुसला. फराटा आता कानापर्यंत गेला.

गाडी त्याच्या मामाची होती. मामा गेला, मूलबाळ नव्हतं, गाडी भाच्याकडे आली. लायनरवालीने पुढचं चाक, म्हणजे हाताच्या ब्रेकचं, खोलून बघितलं. जुना लायनर काचेसारखा गुळगुळीत झाला होता.

“चालवणार कोण?”

“मीच.”

“एकटेच, की मागे कुणी बसतं?”

“सध्या तरी…” तो थांबला. “सध्या तरी जागा रिकामी आहे.”

“मी वजनासाठी विचारतेय.”

“मीही वजनासाठीच सांगतोय.”

“हात द्या.”

त्याने लगेच हात पुढे केला.

“माझ्या हातात नाही! तिकडे. लिव्हरवर.”

आत्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

त्याने लिव्हर दाबली. काटा चढला, बऱ्यापैकी चढला आणि थांबला.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मध्यम बसवते.”

“नुसतं ठीक? अहो, या हाताने मी अक्कलदाढा उपटतो! कडकच बसवा. मामाच्या गाडीला शोभेल असा.”

“लायनर शोभेसाठी नसतो. आत असतो, दिसतसुद्धा नाही.”

“दातांचं मूळ पण आतच असतं,” तो म्हणाला. “मध्यम तर मध्यम.”

लायनर चिकटवला की काम संपत नाही. पट्टी ड्रमला सगळीकडून सारखी टेकली पाहिजे. त्यासाठी ती ड्रमला आतून खडू फासायची, चाक फिरवायची, लायनरवर जिथे पांढरं उठेल तिथे कानशीने हलक्या हाताने घासायची. पुन्हा खडू, पुन्हा फिरवणं. दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला आलेला दंतवैद्य हे बघून खुळ्यासारखा हसायला लागला.

“हसायला काय झालं?”

“आम्हीही हेच करतो! दाढ भरली की मध्ये निळा कागद ठेवायचा आणि म्हणायचं, चावा. जिथे निळं उठेल तिथे घासायचं.”

“आणि पेशंट काय म्हणतो?”

“काही म्हणत नाही. तोंड भरलेलं असतं. तेवढंच आमच्या धंद्यातलं सुख.”

पुढच्या खेपेला तो निळ्या कागदाची गुंडाळी घेऊन आला. तिने ती ड्रममध्ये लावून बघितली. खडूपेक्षा स्वच्छ खूण उठली. तिने आयुष्यात कुणाकडून फुलं घेतली नव्हती. कागदाची ती गुंडाळी मात्र तिने एप्रनच्या वरच्या खिशात ठेवली आणि दिवसभर उगीचच हात लावून बघत राहिली.

नव्या लायनरला मुरवावं लागतं. उतारावर गाडी घ्यायची, थोडा ब्रेक, सोडायचा, पुन्हा थोडा. ज्याने लायनर बसवला त्याने मागे बसून आवाज ऐकायचा, हाही गॅरेजचा नियम. त्यामुळे एरवी फारसं कुणाजवळ न जाणारी ती मुलगी दंतवैद्याच्या पाठीमागे बसून, डोळे मिटून, चाकाचा आवाज ऐकू लागली. निदान आत्यांना तिने सांगितलं असं.

“काय ऐकू येतंय?” तो विचारायचा.

“गप्प बसा. ब्रेक ऐकू द्या.”

“मी आज सकाळपासून कुणाशी बोललो नाहीये. सगळ्यांची तोंडं उघडी होती, पण बोलत कुणी नव्हतं.”

“थोडा दाबा… सोडा. पुन्हा. हं.”

“बरा आहे?”

“बरा आहे,” ती म्हणायची. तिचा श्वास त्याच्या कॉलरपाशी थांबायचा. ओल्या लोकरीचा आणि लवंगेच्या तेलाचा वास यायचा. उतार संपायचा आणि खाली कालव्याचं पाणी दिसायचं. तिथे कठडा नव्हता. तो दरवेळी बरोबर उतारावरच्या शेवटच्या झाडापाशी गाडी थांबवायचा, पाय टेकायचा आणि म्हणायचा, “पुन्हा एकदा ऐकायचं? मला वाटतं मागच्या वेळी तुमचं लक्ष नव्हतं.”

एवढा मुरवलेला लायनर त्या गावात दुसरा नसेल.

थंडी सुरू झाली तेव्हा तो ब्रेकची तक्रार घेऊन आला. “धरत नाहीये नीट. दाबतो, पण… गाडी ऐकत नाही.”

तिने चाक खोललं. लायनर उत्तम होता, जेमतेम झिजलेला. ड्रम कोरडा, तेलाचा ठिपका नाही. केबल मऊसूत सरकत होती. तिने सगळं पुन्हा तपासलं. मग सहजच म्हणाली, “हात द्या.”

त्याने लिव्हर दाबली. काटा चढला आणि मागच्या वेळेपेक्षा बराच खाली थांबला.

“काल फार दाढा काढल्या,” तो म्हणाला. “दमलाय.”

ती काट्याकडे बघत होती. तो तिच्याकडे बघत होता.

“तुमचा नाही, लायनरचा दोष आहे,” ती पटकन म्हणाली. “हा माल जरा कडक आलाय. माझीच चूक. मऊ घालून देते.”

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे तिने ते फार व्यवस्थित केलं. लायनर खरवडून काढला, नवा मऊ लायनर बसवला, निळा कागद लावून घासला. एका धडधाकट वस्तूवर इतकी मेहनत तिने कधी घेतली नव्हती. मुरवायला दोघं उतारावर गेले. ब्रेक छान धरला. तो खूश झाला, की खूश झाल्यासारखा वागला, हे पाठीवरून कळत नाही.

मग थंडी वाढली आणि तो पुन्हा आला. या वेळी तिने दुकानातला सगळ्यात मऊ लायनर काढला, बोटाने दाबला तर नखाची खूण उमटेल असा. ड्रमबाहेरची ब्रेकची दांडीही बदलून लांब बसवली, म्हणजे थोड्या जोरात जास्त काम होईल. तिला तोंडाने बरंच काही विचारायचं होतं. पण ती हाताने दांडी बदलत राहिली. दंतवैद्य चहाचा पेला डाव्या हाताने धरून बसला होता. उजवा हात कोटाच्या खिशात होता आणि चहा घेऊन झाला तरी तो बाहेर आला नाही.

“दवाखाना कसा चाललाय?” आत्यांनी विचारलं.

“झकास. दाढा आता माझा भागीदार काढतो. मी नुसती तोंडं बघतो आणि हं, हं करतो. लोकांचा माझ्यावर विश्वास एकदम वाढलाय.”

तो गेल्यावर आत्या टेबलापाशी आल्या. काढलेला लायनर त्यांनी उचलला, उजेडात धरला, अंगठा फिरवला.

“यात काय वाईट आहे?”

“कडक होता, आत्या.”

“पोरी, मी तुझ्या जन्माआधीपासून लायनर बघतेय. याला काही झालेलं नाही. याच्याही आधीच्याला झालेलं नव्हतं.”

तिने तो लायनर आत्यांच्या हातातून घेऊन टेबलाखाली टाकला.

“त्याला सांग.”

“सांगितलं तर गाडी बंद करेल. गाडी बंद केली तर…” तिने कानस उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. “तर इथे कशाला येईल तो? ब्रेकसाठीच येतो ना.”

“आणि नाही सांगितलंस तर?”

आत्यांनी हात केला नाही, पण दोघींनी एकाच वेळी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता जिथे संपतो तिथे कालवा चमकत होता.

“यापेक्षा मऊ लायनर आहे आपल्याकडे?” आत्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग आता काय बसवशील? लोणी?”

तिला हसू आलं आणि त्याच वाटेने रडू आलं. आत्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली, तेलकट हातानेच, आणि दुकानाचं शटर लवकर ओढलं.

ती उद्या सांगू म्हणाली. उद्याचा परवा झाला. प्रेमात पडलेल्या माणसाला कॅलेंडर देऊ नये.

मग एका ढगाळ सकाळी तो आला. “लायनर मुरलाय का बघू. बसता मागे?” ती बसली. सांगायचंच म्हणून बसली. उतार लागला, वाक्य तयार होतं, तिने तोंड उघडलं… आणि गाडी वेग घ्यायला लागली.

त्याने ब्रेक दाबला. तिला तो दाब ऐकू आला नाही. पायाने दाबलेला मागचा ब्रेक कुरकुरला, ओल्या रस्त्यावर मागचं चाक तिरकं सरकलं. पुढच्या चाकात काहीच नाही. शिंप्याचं दुकान गेलं, किल्लीवाला गेला. त्याच्या खांद्यात जोर येत होता, दंडात येत होता, मनगटाच्या पुढे मात्र पोचत नव्हता. झाड जवळ आलं आणि मागे गेलं.

तिने त्याच्या काखेखालून हात घातला, पुढे वाकली, तिची हनुवटी त्याच्या खांद्यावर जोरात आपटली आणि तिचा पंजा त्याच्या पंजावर पडला. लिव्हर, त्यावर त्याची थंडगार बोटं, त्यावर तिची. तिने दाबलं. लायनरने धरलं. एवढं घट्ट धरलं की इंजिन गुदमरून बंद पडलं आणि गाडी पाण्याच्या काठाशी उभी राहिली. पुढच्या टायरखालचे खडे टुपटुप करत कालव्यात पडले.

तिचा हात त्याच्या हातावरच होता.

“लायनर बदलायला हवा,” शेवटी तो म्हणाला.

“नाही.”

“माल कडक आला असेल.”

“लायनर चांगला आहे.” तिचा आवाज फुटला. “तिन्ही चांगले होते. मी… खोटं बोलत होते.”

“माहीत आहे.”

ती मागे सरकली. “कधीपासून?”

“तू दुसरा लायनर बसवलास त्याच आठवड्यात मोठ्या इस्पितळात जाऊन आलो. हाताची नस सुकत चाललीय म्हणाले. का, ते त्यांनाही माहीत नाही. थांबणार नाही म्हणाले.” तो समोर पाण्याकडे बघत होता. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. “पुढे डावाही जाईल. मग बाकीचं. घाई नाही म्हणाले. तसे सज्जन लोक आहेत.”

“मग गाडी का चालवत राहिलास? मूर्ख! वेडा! बुडाला असतास! मला घेऊन बुडाला असतास!”

“ते चुकलंच. त्याला माफी नाही.” त्याने मान खाली घातली. “पण इस्पितळात सगळे म्हणत होते, हात तुमचा गेलाय. तू एकटी म्हणायचीस, माझी चूक आहे, लायनर कडक आलाय. मला ते ऐकायला इतकं… मला वाटायचं, आणखी एकदा ऐकू. गाडी बंद केली तर मी इथे येणार कशाला?”

तिने त्याच्या पाठीवर बुक्की मारली. मग आणखी एक. तिसरी मारायला उचललेला हात तिथेच पाठीवर पडून राहिला.

“तू आला असतास ना नुसता,” ती म्हणाली. “काही न बिघडवता. लोक येतात. दारातून. चालत.”

“ते सुचलं नाही,” तो म्हणाला, आणि मग दोघंही रडले. पाणी शांतपणे वाहत होतं. ते क्षणभरसुद्धा घुटमळलं नाही.

गाडी ढकलत वर आणली तिने एकटीने. तो बाजूने चालत होता, डाव्या हाताने मागची सीट धरून, मदत केल्यासारखा. आत्यांनी लांबून बघितलं आणि काही विचारलं नाही. नुसतं दुसरं स्टूल पुढे ओढलं.

नंतरच्या दिवसांत तिने मऊ लायनर काढून टाकला. ‘चालवणार कोण?’ हा प्रश्न पुन्हा विचारावा लागला आणि त्याचं उत्तर बदललं होतं. तिने स्वतः लिव्हर दाबली. काटा बघायला तो बसला. काटा वर, वर, पार टोकाला जाऊन आपटला.

“अरे बापरे,” दंतवैद्य म्हणाला. “आमच्याकडे नोकरी करणार का?”

“कडक बसवते,” ती म्हणाली. “वर्षानुवर्षं टिकेल.”

काही शब्द असे असतात की ते कुणाचा अपमान करायला बोललेले नसतात, पण समोरचा आपला हात मुकाट्याने खिशात घालतो.

रविवारी ढग निवळले. तिने गाडी बाहेर काढली. त्याला मागे बसवलं. हेल्मेटच्या पट्ट्याचं बक्कल आता त्याला लावता येत नव्हतं. तिने हेल्मेट त्याच्या डोक्यावर दोन्ही हातांनी नीट बसवलं, पट्टा हनुवटीखाली घेतला, बक्कल लावलं. लावून झालं तरी तिचे हात तिथेच होते. रस्ता रिकामा होता. आत्या आत जाऊन उगीचच हातोडी वाजवत होत्या.

“ऐक,” तो म्हणाला. “एकदाच सांगतो, मला सवय नाही. हा हात तुला कधी धरू शकणार नाही, हे मला कळतं. दुसराही फार दिवस नाही. तू दुसऱ्या कुणाला तरी मागे बसव म्हणणार होतो. रात्रभर ते वाक्य पाठ केलं… आणि ते खोटं आहे. मला इथेच बसायचंय. जोवर बसता येईल तोवर. आणि जेव्हा बसता येणार नाही तेव्हा तू नुसती समोरून गाडी घेऊन जा, मी खिडकीतून तुझा ब्रेक ऐकेन.”

तिला काही दिसेना. फटफटीचं हँडल, रस्ता, कालवा, सगळं पाण्याखाली गेलं. तिने कपाळ त्याच्या हेल्मेटला टेकवलं.

“मी कुणाला बसवणार नाहीये,” ती म्हणाली. “कुणालाच. कधीच. कळलं तुला?”

“कळलं.”

“मग असा का बघतोयस?”

“नाही, म्हणजे…” तो जरा संकोचला. “माझा डावा कान आत दुमडलाय. तेवढा सरळ करून देतेस?”